मुदत बियाण्याची की धंद्याची?



प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर वैध मुदत छापलेली असते. ती उगवण तपासणीपासून ९ महिन्यांची असते. तिच्याबद्दल आपली तक्रार नाही. बी जुनं झालं की उगवण घटते आणि दुबार पेरणीचा भुर्दंड आपल्याच डोक्यावर बसतो. ही मुदत बियाण्याच्या जिवावर ठरते.

दुसरी मुदत असते विकणाऱ्याच्या सोयीची. सातबारा छापून देणारं यंत्र पाहा. त्याच्या शाईच्या काही कार्ट्रिजवर चिप बसवलेली असते. तिच्यातली तारीख उलटली की आत शाई असली तरी यंत्र ती घेत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपी कंपनीच्या अनेक प्रिंटरांनी एकाएकी दुसऱ्या कंपन्यांच्या कार्ट्रिज नाकारल्या. पैसे मोजून यंत्र घेतलं ग्राहकानं, हुकूम मात्र कंपनीचा!

हेच कुलूप बियाण्याला लावायचा घाट घातला गेला होता. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेचं शेती खातं आणि डेल्टा अँड पाइन लँड ही कापूस बियाण्याची कंपनी यांना मिळून एक पेटंट मिळालं. पीक चांगलं येईल, पण त्याचा दाणा पेरला तर उगवणार नाही, अशी ती युक्ती. लोकांनी तिला 'टर्मिनेटर' म्हटलं. त्याच वर्षी कर्नाटकात शेतकऱ्यांनी बीटी कपाशीचे चाचणी प्लॉट उपटून जाळले. त्या प्लॉटमध्ये टर्मिनेटर नव्हतं, पण शेतकऱ्यांची धास्ती खोटी नव्हती. जगभर विरोध झाला आणि ते बी बाजारात आलंच नाही. आपल्या देशात २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं अशा वाणाची नोंदणीच बंद केली. त्याच कायद्याच्या कलम ३९ नं घरचं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचा हक्क आपल्याला दिला आहे.

मग कपाशीचं बी दरवर्षी विकत का घ्यावं लागतं? कारण ते संकरित आहे. संकरिताचा दाणा पुन्हा पेरला तर झाडं एकसारखी येत नाहीत आणि उतारा घटतो. हा निसर्गाचा नियम आहे, त्यात लबाडी नाही. जादा उत्पन्न मिळत असेल तर शेतकरी बियाण्याला पैसे मोजेल. प्रश्न निवडीचा आहे. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली ती संकरित वाणांतच. चीनमध्ये आणि अमेरिकेत हाच गुण सरळ वाणांतही आला. आपल्याकडे कोरडवाहू शेतकऱ्यापुढे पर्याय जवळजवळ उरला नाही. पाऊस उघडल्यावर बोंडं भरायची आणि जमिनीत ओल नसायची, अशा रानात लवकर येणारं सरळ वाण, दाट लावून, जास्त भरवशाचं ठरू शकतं.

शाळूकडे पाहा. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ हे सरळ वाण आहे. जत, आटपाडी, माण, खटावच्या रानात तिची कणसं निवडून पुढच्या हंगामाचं बी राखता येतं. त्या बियाण्याला कोणाची परवानगी लागत नाही.

आम्ही नव्या तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. कुलूप लावून येणाऱ्या तंत्रज्ञानाच्या विरोधात आहोत. म्हणून जिल्हा बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवतो.

एक, कृषी विद्यापीठांनी आणि कापूस संशोधन संस्थेनं कीड सोसणारी सरळ वाणं भरपूर बियाण्यासह द्यावीत.

दोन, प्रत्येक पिशवीवर ठळक मराठीत छापावं : 'याचं बी पुढच्या वर्षी राखता येईल' किंवा 'येणार नाही'.

तीन, हे काम आपलं. शाळूच्या रानात एक गुंठा बियाण्यासाठी राखा. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा. ७५ च्या वर उगवले तर बी पेरायला योग्य.

कायद्यानं दिलेला हक्क कागदावर राहतो. घरात बी असेल तरच तो रानात उतरतो.