पाठीखालचा वारा

कोकणात थंडी पडतच नाही, असे घाटावरची मंडळी ठामपणे सांगतात. पुण्यात पारा १० अंशांखाली उतरला की वर्तमानपत्रांत शेकोट्यांची छायाचित्रे छापून येतात. मालवणच्या किनाऱ्यावर जानेवारीतल्या रात्री पारा १८-१९ अंशांच्या आसपास रेंगाळतो, त्याची बातमी होत नाही. पण ज्याने देवबागात, मागीलदारी, दोन माडांच्या मध्ये बांधलेल्या झोळीत हिवाळ्यातली एक रात्र काढली आहे, त्याला या १८ अंशांचा इंगा ठाऊक असतो. पहाटे तीन-साडेतीनला कर्ली नदीच्या अंगाने वारा उठतो, चुडते सळसळू लागतात आणि झोळीतला माणूस पोटाशी पाय घेतो.

खारे वारे आणि मतलई वारे शाळेत पाठ केले नाहीत असा वाचक विरळा. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो. रात्री ती लवकर निवते म्हणून जमिनीकडून समुद्राकडे जातो. परीक्षेत दोन गुण मिळवून देणारा हा मजकूर देवबागात अंगावर येतो. हे गाव म्हणजे जमिनीची चिंचोळी पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली आणि दक्षिणेच्या टोकाला दोघांचा संगम. दिवसाचा वारा पुढच्या दाराने येतो, रात्रीचा मागच्या. हिवाळ्यात सह्याद्रीच्या उतारावरून थंड हवा खाली सरकते आणि नदीच्या उघड्या पात्रावर तिला अडवायला काहीच नसते. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा पहाटे याच मतलईवर त्या बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. आंबा मोहोरतो तोही याच दिवसांतल्या गारव्याने. म्हणजे ज्या गारठ्याला आपण खिडकी लावून घेतो, त्याच्याच भरवशावर बागायतदार वर्षाचा हिशेब मांडून बसलेला असतो.

या वाऱ्यावरून आमच्या घरात दर नाताळच्या सुट्टीत एक वाद होतो. माझी काकी सत्तरी ओलांडलेली आहे. दिवाळी सरली की ती मागीलदारी झोळी बांधून घेते आणि शिमग्यापर्यंत तिथेच निजते. मुंबईहून तिचे मुलगे-सुना येतात, त्यांना हे बघवत नाही. एकाला तिच्या छातीची काळजी, दुसऱ्याला लोकांची. ही दुसरी काळजी मला अगदी मराठी वाटते. मुलगे खोलीत एसी लावून निजले आणि म्हातारी आईला बाहेर माडाला टांगली, असे वाडीत कुणी म्हणाले तर? काकीला दोन्ही काळज्यांचे सारखेच कौतुक. "घरात माका घुसमाटता रे झिला," एवढेच ती सांगते आणि उशी काखेत मारून चालू लागते.

मी या वादात काकीच्या बाजूचा आहे. सर्दी वाऱ्याने होत नाही, ती विषाणूंनी होते. आणि दारे-खिडक्या लावून आठ माणसे एका खोलीत निजली तर विषाणूंची देवाणघेवाण मोकळ्या हवेपेक्षा तिथेच जास्त. तरीही मुलांची काळजी पोकळ नाही. वय झाले की शरीराची थंडीशी झुंजण्याची ताकद कमी होते. हुडहुडी उशिरा भरते, आणि गारठा वाढल्याची जाणीवही पुरेशी होत नाही. दमेकऱ्याला गार वारा सोसत नाही. थंडीत रक्तदाब चढतो, म्हणून हृदयविकार असणाऱ्याने जपावेच. झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाचे अंग गार लागले, बोलणे जड झाले किंवा गोंधळल्यासारखे वाटले तर त्याला घरात घेऊन ऊब द्यावी आणि डॉक्टरांना बोलवावे, त्यात वाद नको. पण दुखणे नसलेल्या, धडधाकट माणसाला केवळ वयाकडे बोट दाखवून आत कोंडणे हा उपाय नव्हे. त्यापेक्षा झोळी नीट बांधली आहे का, ते बघावे.

घरी येणारे पाहुणे अंगावर दोन-दोन रजया घेऊन झोळीत शिरतात आणि पहाटे पाठ गारठली म्हणून कुडकुडत पडवीत येतात. काकी म्हणते, "थंडी वयरसून लागना नाय, खालसून लागता." हे शंभर टक्के खरे आहे. गादीवर निजणाऱ्याची पाठ गादी राखते. झोळीच्या खाली नुसती हवा, तीही वाहती. गोधडीची ऊब कापडात नसते, तिच्या थरांत अडकून पडलेल्या हवेत असते. झोळीत गोधडी अंथरून तिच्यावर निजले की अंगाच्या भाराने ती चेपते, अडकलेली हवा निघून जाते आणि उरते ते नुसते कापड. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकनांनी अंटार्क्टिकात पाण्याने भरलेले नळकांडे वाऱ्यात ठेवून ते किती वेळात गोठते हे मोजले आणि १९४५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वारा वाढला की ऊब किती भराभर जाते, याचा पुढे जगभर वापरला गेलेला हिशेब तिथून सुरू झाला. देवबागात काही गोठत नाही, पण अंगाभोवतीची ऊबदार हवा वारा पळवून नेतो, हा नियम तोच.

काकीची युक्ती अशी की वाकळ झोळीच्या आत नाही, बाहेर बांधायची. चार कोपऱ्यांना सुंभाचे तुकडे लावून ती झोळीच्या पोटाखाली टांगायची. झोळीला चिकटून राहील एवढी घट्ट, पण चेपणार नाही एवढी सैल. वर अंगावर एक घोंगडी, कानांवरून रुमाल आणि नदीच्या बाजूला एक जुनी ताडपत्री आडोशाला. परदेशांत डोंगरांत झोळ्या बांधून राहणारे हौशी लोक नेमके हेच करतात, आणि त्यासाठी खास शिवलेल्या महागड्या रजया विकत घेतात. काकीची वाकळ जुन्या लुगड्यांची आहे.

झोळीचे मूळ सांगायचे तर १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोचला तेव्हा तिथले लोक टांगलेल्या जाळ्यांत निजताना त्याने पाहिले. 'हॅमक' हा शब्द त्यांचाच, स्पॅनिशातून जगभर गेलेला. आपल्याकडे मात्र ती कुणी आणून द्यावी लागली नाही. आढ्याला लुगडे बांधून पोर निजवणारी प्रत्येक आई ते शास्त्र जाणतेच. हेलकाव्याने झोप का लागते, हे जिनिव्हाच्या संशोधकांनी २०११ मध्ये तपासले. १२ जणांना दुपारी ४५ मिनिटे हलत्या आणि स्थिर पलंगावर निजवले, तेव्हा हलत्या पलंगावर झोप लवकर लागली आणि अधिक गाढ झाली. २०१९ मध्ये १८ जणांवर रात्रभराचा प्रयोग झाला, त्यातही तसेच दिसले. मोजकी माणसे, बंदिस्त प्रयोगशाळा; त्यावरून फार उड्या मारू नयेत. पण चार सेकंदांना एक असा त्या पलंगाचा संथ हेलकावा होता, हे वाचून मला आमची झोळी आठवली.

बांधण्याविषयी थोडे. झोळी ताणून बसवू नये. मध्ये चांगला झोल हवा आणि तिच्यात किंचित तिरके निजावे, म्हणजे पाठ धनुष्यासारखी वाकत नाही. खाली उतरताना पाय टेकतील एवढीच उंची ठेवावी, म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तर नक्कीच. नायलॉनची दोरी रात्रीतून ताणते आणि पहाटे माणूस जमिनीला टेकतो. काथ्याचे सुंभ बरे, पण तेही दर हंगामात बदलावे. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे वर बघावे. नारळ पाडून घेतलेले नसतील किंवा सुकलेले चुडत लोंबत असेल तर तिथे निजू नये, आणि वारा सुसाटला तर सरळ घरात यावे. इथे काकीचे काही ऐकायचे नाही. नारळ माणूस बघून पडतो, असे ती म्हणते. माझा त्यावर विश्वास नाही.

हौसेने बाहेर निजण्याच्या या गप्पा लिहिताना एक गोष्ट मनातून जात नाही. याच डिसेंबर-जानेवारीत बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या फडाकडेला अशाच झोळ्या बांधलेल्या असतात, त्यांत तान्ही मुले असतात. त्यांच्याही पाठीखालून वारा जातो. तिथे घरात घ्यायला घर नसते, पाचटाची कोपी असते.

आमच्या घराला घर आहे, मागीलदार मात्र आहे तसे राहीलच असे नाही. देवबागच्या पट्टीला एका अंगाने समुद्र खातो, दुसऱ्या अंगाने नदी. किनाऱ्याला दगडांचे बंधारे घातले तरी उधाणाच्या भरतीला जीव टांगणीला लागतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा सिंधुदुर्गात झाडे कोसळली, घरांची छपरे उडाली आणि कितीतरी गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. आमचा नदीकडचा माड त्यानंतर कलला. मुळ्या उघड्या पडल्या. काकाने झोळी बांधली होती ती त्याच माडाला. आता ती एक ओळ आत आली आहे, विहिरीजवळच्या दोन माडांवर. त्यांच्यातले अंतर वीतभर जास्त आहे, म्हणून सुंभ वाढवून घ्यावे लागले. नदीच्या काठी दोन माड नवे लावले आहेत, त्यांना अजून झोळीचा भार सोसणार नाही.