सगळे ग्रंथ एकाच रीतीने आले काय?

सर्वधर्म मेळाव्यांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : सर्व धर्मग्रंथ ईश्वरानेच दिले, मग भेद कसला? टाळ्या पडतात, त्यांत आपलेही हात असतात. आणि याच आपल्या घरांत नव्या पंथांची पत्रके येतात. बायबलचा शब्दन् शब्द देवाने कानात सांगून लिहवून घेतला, असे त्यांत ठासून म्हटलेले असते. तेही आपल्याला पटते! आमचा विरोध या दोन्ही मतांना आहे. ग्रंथ उघडून पाहण्याचे कष्ट दोन्हीकडे टाळलेले आहेत.

पहिल्या मताचा समाचार आधी घेऊ. मुस्लिम बांधवांच्या श्रद्धेनुसार कुराण हे अल्लाचे वचन अरबी भाषेतच अवतरले. पैगंबर महंमद ते पोहोचविणारे, कर्ते नव्हेत. म्हणून भाषांतराला ते केवळ अर्थ मानतात. मीमांसकांचे वेद तर अपौरुषेय : त्यांना मनुष्य कर्ता नाही आणि ईश्वरही नाही. ऋषींनी मंत्र पाहिले, रचले नाहीत. नैयायिक मात्र वेद ईश्वरकृत मानतात. म्हणजे घरातल्या घरातही एकमत नाही. बौद्धांच्या त्रिपिटकाला देणारा देव लागतच नाही. गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली सिद्ध केलेल्या शिखांच्या ग्रंथात आपल्या नामदेवांची पदे आहेत, आणि १७०८ साली नांदेड येथे गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरुपद दिले. या सर्वांना ‘एकच’ म्हणणे म्हणजे समोरच्याचे न ऐकताच मान डोलावणे होय. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा आदर करा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. ते सारे सारखेच आहे, असे तिने कोठेही सांगितलेले नाही.

घरचा प्रश्न याहून गंभीर आहे. देवाने मजकूर सांगितला आणि माणसाने तो उतरवून घेतला, अशी आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण नाही. संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो की, आपल्याआधी इतरांनी लिहिले आहे, आणि आपण सर्व गोष्टींचा कसून शोध घेऊन त्या क्रमवार लिहीत आहोत. करिंथकरांना लिहिताना संत पौल, आपण कोणाकोणाला बाप्तिस्मा दिला ते मोजू लागतो. दोन नावे सांगितल्यावर त्याला स्तेफनाचे घराणे आठवते, आणि पुढचे आठवत नाही असे तो सरळ लिहून टाकतो. पवित्र आत्मा विसरला काय? मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा लेखक तर या कामी आपण घाम गाळला, झोप घालवली असे म्हणतो, आणि शेवटी लेखन सामान्य वाटले तर माझी कुवतच एवढी, अशी वाचकांची समजूत घालतो. (नव्या पंथांच्या बायबलात हा ग्रंथ नाही, हे त्यांच्या सोयीचेच झाले!)

१८ नोव्हेंबर १९६५ रोजी घोषित झालेल्या ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजाने हेच शिकविले : देवाने माणसे निवडली, त्यांच्या शक्ती व बुद्धी वापरू दिल्या, आणि त्यांनी खरे लेखक म्हणून, देवाला हवे तेच लिहिले. ग्रंथ पूर्णपणे देवाचा, आणि तरीही पूर्णपणे लूकचा. शब्द देह झाला असे मानणाऱ्यांना हे जड का वाटावे? खुद्द येशूची अरामी भाषेतील वचने आपल्याला मिळाली ती ग्रीक भाषेत. मिस्सेत आपण ती मराठीत ऐकतो, आणि तरीही तिला प्रभूची वाणी म्हणून उत्तर देतो.

कोणी म्हणेल, सामान्य माणसाला हे कशाला? आमचे उत्तर : त्याच्या मुलांसाठी. कॉलेजात कोणीतरी दाखवून देतो की, पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेपाशी किती स्त्रिया गेल्या, यावर चारही शुभवर्तमाने जुळत नाहीत. शब्दन् शब्द वरून उतरला असे शिकलेल्या मुलापुढे मग दोनच वाटा उरतात : डोळे मिटून घेणे किंवा श्रद्धा सोडणे. पोपच्या बायबल आयोगाने १९९३ साली अशा अक्षरवादी वाचनावर कठोर टीका केली ती उगाच नव्हे. दृढीकरणाच्या वर्गात मुलांकडून वचने जरूर पाठ करून घ्यावीत. पण त्यांबरोबर लूकची पहिली चार वचने आणि मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा शेवटही वाचून घ्यावा, आणि मुले जे प्रश्न विचारतील त्यांना त्याच वर्गात उत्तरे द्यावीत.