राखणदारांचे नाव नसलेले खरेदीखत

१/ डिसेंबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा काउंटीत कोहो-हालामा या रँचचे, म्हणजे गुरे चारण्याच्या विस्तीर्ण खाजगी जमिनीचे, हस्तांतरण झाले. क्षेत्र २४,३६४ एकर, समुद्रकिनारा सुमारे आठ मैल. नकाशांचे सॉफ्टवेअर बनविणाऱ्या एस्री कंपनीचे संस्थापक जॅक आणि लॉरा डेंजरमंड या दांपत्याने १६.५ कोटी डॉलरची देणगी दिली आणि ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेने ही जमीन संवर्धनासाठी घेतली.

२/ अशा जमिनीचे वर्णन करताना एक विशेषण हमखास येते: ‘अस्पर्श’. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा शब्द मान्य होऊ नये, असे माझे मत आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही आणि ज्यांनी ही भूमी राखली, त्यांना तो इतिहासातून पुसून टाकतो. कसे, ते क्रमाने पाहू.

३/ या रँचच्या टोकाशी पॉइंट कन्सेप्शन हे भूशिर आहे. येथे कॅलिफोर्नियाचा किनारा काटकोनात वळतो. उत्तरेचे थंड आणि दक्षिणेचे उबदार पाणी येथेच भेटते. चुमाश या मूलनिवासी समाजासाठी हे स्थान ‘हुमकाक’, म्हणजे मृतात्म्यांच्या पुढील प्रवासाचे पश्चिमद्वार. त्यांची वस्ती या किनाऱ्यावर हजारो वर्षांपासून होती.

४/ १७६९ मध्ये पोर्तोलाची स्पॅनिश मोहीम येथून गेली. एका चुमाश गावाचा प्रमुख पायाने अधू होता. सैनिकांनी त्या गावालाच ‘कोहो’, म्हणजे लंगडा, असे नाव दिले. रँचच्या नावातील ‘कोहो’ तो हाच. माणसाचे व्यंग नकाशावर राहिले, त्याच्या गावाचे स्वतःचे नाव मात्र नकाशावरून गेले.

५/ आता ‘अस्पर्श’ या शब्दाकडे येऊ. चुमाश लोक गवताळ माळ ठरावीक काळाने, विचारपूर्वक जाळीत असत. त्यामुळे खाण्याजोग्या बियांच्या वनस्पती जोमाने वाढत आणि काटेरी झुडपांचे रान माजत नसे. १७९३ मध्ये गव्हर्नर आरियागा याने मूलनिवासींच्या या जाळण्यावर बंदी घालणारा आदेश काढला. ज्या कृत्यावर आदेश काढून बंदी घालावी लागते, ते कृत्य सर्रास चालत असले पाहिजे. ही भूमी ‘अस्पर्श’ नव्हती, याचा पुरावा तिच्या शत्रूनेच लिहून ठेवला आहे.

६/ पुढे मिशनांचा काळ आला. १७८७ मध्ये ला पुरिसिमा मिशन स्थापन झाले. साथींनी गावे ओस पडली. सक्तीच्या श्रमांविरुद्ध १८२४ मध्ये चुमाशांनी उठाव केला. मेक्सिकोच्या राजवटीत मिशनांच्या मालमत्ता मोडल्या गेल्या, तेव्हा त्यांतील हिस्सा मूलनिवासींना मिळावा, असे कागदोपत्री ठरले होते. प्रत्यक्षात बहुतेक जमीन वजनदार घराण्यांच्या हाती गेली.

७/ पॉइंट कन्सेप्शनची सुमारे २५ हजार एकरांची सनद १८३७ मध्ये आनास्तासियो कारियो याला मिळाली. त्या काळी अशा सनदेसोबत ‘दिसेन्यो’ नावाचा हाताने काढलेला कच्चा नकाशा जोडीत: चार टेकड्या, एक ओढा, एखादे झाड. हक्काचा पाया एवढाच. पुढे अमेरिकेची सत्ता आली आणि १८५१ च्या कायद्याने सनदधारकांना आपला हक्क आयोगापुढे सिद्ध करावा लागला. ज्यांच्याकडे सनदच नव्हती, त्यांना सिद्ध करण्यासारखे काय होते?

८/ विसाव्या शतकात ही जमीन दीर्घकाळ बिक्स्बी कुटुंबाकडे होती. त्यांना श्रेय दिलेच पाहिजे: त्यांनी येथे गुरे चारली, भूखंड पाडले नाहीत. शेजारच्या हॉलिस्टर रँचचे १९७० च्या सुमारास साधारण शंभर एकरांचे तुकडे पडले आणि तेथील किनाऱ्यावर जनतेला जाता यावे की नाही, हा वाद दशकानुदशके चालला. मात्र गुरांच्या काळातच मूळच्या बहुवर्षायू गवतांची जागा भूमध्यसागरी प्रदेशातून आलेल्या वार्षिक गवतांनी घेतली. उन्हाळ्यातील ज्या सोनेरी टेकड्यांना आपण ‘नैसर्गिक’ म्हणतो, त्यांचा रंगसुद्धा ऐतिहासिक आहे.

९/ १९७८ मध्ये याच किनाऱ्यावर द्रवरूप नैसर्गिक वायूचे टर्मिनल उभारण्याचा घाट घातला गेला. चुमाश लोक आणि त्यांचे साथीदार जागेवर ठाण मांडून बसले. पुढे तो प्रकल्प बारगळला. या वेळी भूमीची राखण कोणी केली? ज्यांच्या नावावर एक एकरही नव्हता, त्यांनी.

१०/ २००७ मध्ये रँच एका गुंतवणूक निधीकडे गेली. परवानगीविना खोदलेल्या विहिरी आणि अन्य कामांवरून किनारा आयोगाने कारवाई केली. २०१७ च्या तडजोडीत ३६ एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचे ठरले. त्यानंतर लगेचच संवर्धनासाठीची खरेदी झाली.

११/ यावर आक्षेप येईल: ‘ही खरेदी झाली नसती तर तेथे आलिशान बंगले उठले असते. मग तक्रार कशाची?’ आक्षेप रास्त आहे. ही खरेदी झाली हे चांगलेच झाले, असे मीही मानतो. संस्था चुमाश समाजाला सोबत घेऊन काम करते, हेही स्वागतार्ह. परंतु मालक भला असणे आणि अन्यायाचे परिमार्जन होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. भला मालक आमंत्रण देतो. हक्क असलेल्याला आमंत्रणाची गरज नसते.

१२/ हा भेद नावांतही दिसतो. २०२४ मध्ये याच भूशिराला लागून असलेल्या समुद्रात ‘चुमाश हेरिटेज’ राष्ट्रीय सागरी अभयारण्य घोषित झाले. म्हणजे पाण्याला चुमाशांचे नाव मिळाले. जमिनीला मात्र देणगीदारांचे: जॅक आणि लॉरा डेंजरमंड प्रिझर्व्ह. देणगीदारांबद्दल पूर्ण आदर ठेवूनही हे खटकते.

१३/ सातबारा पाहिलेल्या प्रत्येकाला फेरफार ठाऊक असतो: जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, याची नोंद. या रँचचे फेरफार मांडले तर सनद, वारसा आणि विक्री अशी साखळी मिळते. पण पहिल्या नोंदीच्या आधीची ओळ कोरी आहे, कारण चुमाशांनी ही भूमी कोणालाही विकलेली नाही. म्हणून यापुढे कोठेही ‘अस्पर्श जमीन विक्रीस’ असे वाचाल, तेव्हा किंमत पाहण्याआधी ती कोरी ओळ शोधा.