पहिले पाऊल का दुखते?



आमच्या वस्तीतल्या एक मावशी झाडूकाम करतात. सकाळी उठून पहिले पाऊल टाकले, की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. चार पावलांनंतर ती कमी होते, म्हणून त्या दुखणे अंगावर काढतात. अशा मावश्या घरोघरी आहेत.

एका पावलात 26 हाडे असतात आणि ती कमानीसारखी रचलेली असतात. टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला जाड पट्टा ही कमान धनुष्याच्या दोरीसारखा धरून ठेवतो. पाऊल टेकताच कमान थोडी दबून धक्का पचवते. टाच उचलली, बोटे वाकली, की पट्टा ताणतो, कमान ताठ होते आणि शरीर पुढे जाते. दिवसभर उभे राहून, झिजलेल्या चपलेत चालून हा पट्टा दुखावतो, रात्री आखडतो. म्हणून पहिले पाऊल दुखते.

उठण्यापूर्वी पायाची बोटे हाताने हळू वर ओढून तळवा ताणावा. टाचेला मऊ आधार देणारी चप्पल घरातही वापरावी. उतार न पडल्यास डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असणाऱ्यांनी रोज तळवे पाहावेत. बधिर पायाला जखम कळत नाही.

गावात आपल्या माणसांना पायातली वहाण हातात घ्यावी लागे. तीच पावले 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर गेली. तेव्हा चांगली चप्पल ही चैन नव्हे. यंदा आईला साडी घ्याल, तेव्हा तिच्या चपलेकडेही पाहा.