जोडी फुटली, आता चाहत्यांनी काय करायचं?

आवडता बँड फुटला की चाहत्यांचे तीन गट पडतात. पहिला न्यायाधीशांचा: चूक कुणाची, कोण कुणाशी कसं वागलं, याचा निकाल लावल्याशिवाय यांना झोप येत नाही. दुसरा मध्यस्थांचा: 'प्लीज, एकदाच एकत्र या ना!' आणि तिसरा शहाण्यांचा: 'अरे सोड ना यार, इतकी नवीन गाणी येतात, काय तेच धरून बसलायस?' मला हे तिन्ही गट अजिबात मान्य नाहीत. का, ते आज जरा सविस्तर लिहितो. (शनिवार आहे, रिलीज नाही, वेळच वेळ आहे.)

बीटल्सचं उदाहरण देऊन मोकळं होता आलं असतं. १९७० साली फुटले, जगभर रडारड झाली, वगैरे. पण आपल्या घरचं उदाहरण असताना लिव्हरपूलला कशाला जायचं? ओ. पी. नय्यर आणि आशा भोसले. 'हा कुठला बँड?' असं कुणी म्हणेल. तर मंडळी, माझ्या मते बँडच. १९५२ च्या 'छम छमा छम'पासून दोघांचं काम सुरू झालं. 'नया दौर' (१९५७) आला आणि तोवर दुय्यम गाण्यांवर भागवणाऱ्या आशाबाई नायिकेचा आवाज झाल्या. मग 'हावडा ब्रिज', 'एक मुसाफिर एक हसीना', 'कश्मीर की कली', 'मेरे सनम'. घोड्याच्या टापांचा तो ठेका, ढोलक, सारंगी, मध्येच घुसणारा सॅक्सोफोन आणि वर हा आवाज. दोन ओळी ऐकल्या की रेडिओवर नाव सांगायची गरज नाही. याला बँड नाही तर काय म्हणायचं?

१९७२ साली ही जोडी तुटली. 'प्राण जाए पर वचन न जाए' १९७४ साली पडद्यावर आला तेव्हा दोघं एकत्र नव्हती. त्याच चित्रपटातल्या गाण्यासाठी आशाबाईंना १९७५ चा फिल्मफेअर मिळाला. त्या समारंभाला आल्या नाहीत आणि पुरस्कार नय्यर यांनी स्वीकारला. आता गंमत बघा. पुढच्या पन्नास वर्षांत चाहत्यांनी सगळ्यात जास्त चघळलं काय? तर त्या ट्रॉफीचं पुढे काय झालं! त्या गाण्याची चाल, त्यातला तो ठेहराव, ठेक्याच्या बादशहाने ठेका जवळजवळ बाजूला ठेवून केलेली रचना, यावर बोलणारे शंभरात दोन. बाकीचे अठ्ठ्याण्णव न्यायाधीश.

न्यायाधीशांवर माझा पहिला आक्षेप साधा आहे: त्यांच्याकडे पुरावा नसतो. दोन माणसांच्या चौदा-पंधरा वर्षांच्या संबंधातलं आपल्याला मुलाखतींतून आणि किश्शांतून कळतं, तेही एका बाजूचं, वर्षांनी, रंगवून. एवढ्या डेटावर आपण ऑफिसात साधा बगसुद्धा बंद करत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. एकदा बाजू घेतली की कान बंद होतात. नय्यर यांच्या बाजूचे लोक आशाबाईंचं नंतरचं काम कपाळाला आठी घालून ऐकतात, आणि आशाबाईंच्या बाजूचे नय्यर यांचं नंतरचं ऐकतच नाहीत. म्हणजे निकाल लागला तो फक्त स्वतःच्याच विरुद्ध!

आमच्या धंद्यात याला चांगला शब्द आहे: फोर्क. एका प्रोजेक्टच्या दोन फांद्या होतात. खरा वापरकर्ता कोण? जो दोन्ही फांद्या चालवून बघतो तो. एका फांदीवर आशाबाई पंचमबरोबर आधीपासूनच होत्या, पुढे 'उमराव जान' (१९८१), 'इजाज़त' (१९८७) आले. दुसऱ्या फांदीवर नय्यर यांनी वाणी जयराम, पुष्पा पागधरे, दिलराज कौर यांचे आवाज घेतले. 'खून का बदला खून' (१९७८) आणि 'हीरा मोती' (१९७९) ऐका. 'आधीच्या तोडीचं नाही' म्हणाल. कबूल, माझंही तेच मत आहे. पण ऐकून म्हणा! शिवाय त्या गाण्यांत एक गोष्ट स्पष्ट कळते, जी नुसतं 'मेरे सनम' ऐकून कधीच कळत नाही. चाल कुठे संपते आणि आशाबाई स्वतःचं काय घालतात, ते. आवाज बदलून बघितल्याशिवाय हा हिशेब लागत नाही.

आणि जोडी म्हणजे दोनच माणसं, हेही चाहत्यांनीच पसरवलेलं. नय्यर यांचे सहायक जी. एस. कोहली, अरेंजर म्हणून गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा, स्टुडिओत बसलेले वादक. कोहलींनी स्वतंत्रपणे 'शिकारी' (१९६३) केला, तो एकदा ऐकून बघा. भांडणाची साग्रसंगीत माहिती असणाऱ्या किती जणांनी तो ऐकलाय?

आता मध्यस्थ. यांची मागणी आजवर निरुपद्रवी होती, कारण ती पूर्ण व्हायची ती कलावंतांनी ठरवलं तरच. मुंबईचा इंडस क्रीड १९९७ साली फुटला, २०१० साली परत उभा राहिला आणि नवा अल्बम केला. तो त्यांचा निर्णय. पण आता आपल्या हातात यंत्र आलंय. दोन बटणं दाबून 'ओपी-आशा, नवीन गाणं' तयार होतं आणि लोक ते ग्रुपवर 'अंगावर काटा!' म्हणून फॉरवर्ड करतात. २०२३ साली बीटल्सचं शेवटचं म्हणून जे गाणं आलं, त्यात सॉफ्टवेअरने लेननचा खरा, स्वतः गायलेला आवाज जुन्या टेपमधून वेगळा काढला होता. ती धूळ पुसणं झालं. आपण करतो ती नक्कल. हा फरक इंजिनिअर माणसांना तरी समजावून सांगावा लागू नये. २०२५ साली आपल्या आवाजाच्या अशा नकला थांबवण्यासाठी आशाबाईंना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि न्यायालयाने अंतरिम मनाई दिली. वयाच्या नव्वदीनंतर! ज्या बाईने १९७२ साली 'आता नाही' म्हटलं, तिच्या तोंडून जबरदस्तीने 'हो' वदवून घेणं याला प्रेम म्हणायचं?

राहिले 'पुढे चल'वाले. त्यांना वाटतं निष्ठावान चाहता म्हणजे रिकामटेकडा. अरे बाबा, ही गाणी तुला आज सापडतात ती कुणामुळे? कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज़' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' एकेक चित्रपट तपासून उभा केला. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली, ती चोरबाजार पालथा घालणाऱ्या अशाच वेड्यांची. लताबाईंच्या नावावर गिनेसने पंचवीस हजार गाणी छापली होती. हा आकडा खूप फुगलेला आहे, हे याच लोकांनी मोजून दाखवलं. चाहते असून! भक्ताने आकडा डोक्यावर घेतला असता. यांनी मोजला.

जांभूळचं नाव बाहेरच्यांना माहीत असलंच तर 'जांभूळ केंद्रात दुरुस्ती, पाणी बंद' अशा बातमीमुळे. पण आमच्याच जिल्ह्यात, ठाण्यात, नय्यर यांची शेवटची वर्षं गेली हे इथल्याही कितीतरी गाणंवेड्यांना माहीत नसतं. रक्ताचं नातं नसलेल्या एका कुटुंबाच्या घरात ते राहिले, होमिओपॅथीची औषधं देत, आणि २८ जानेवारी २००७ रोजी तिथेच गेले. ज्यांचं काम कधीच आटलं होतं, अशा म्हाताऱ्या माणसाला त्या घराने जागा दिली. जोडी परत जमवायचा प्रश्नच नव्हता.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ट्रॉफीचा किस्सा सुरू केला, की त्याला एवढंच विचारा: 'हीरा मोती' ऐकलायस का? नसेल ऐकला, तर आधी ऐकून ये म्हणावं. मग बोलू.