दुचाकी कोणती घ्यावी, आणि तिचे पैसे कोणी भरावेत?

दुचाकी खरेदी ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, तिच्याशी कामगार चळवळीचा संबंध काय, असे वरवर पाहता कोणालाही वाटेल. परंतु पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात पहाटेच्या पाळीला निघणाऱ्या कामगाराला दुचाकी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. पाळी सुरू होते तेव्हा पहिली बस यायची असते आणि पाळी सुटते तेव्हा शेवटची बस निघून गेलेली असते. अशा स्थितीत पाना आणि हातोडा ही जशी कामाची हत्यारे, तशीच दुचाकी हेही कामाचे हत्यार ठरते. फरक एवढाच की पाना कारखाना देतो आणि दुचाकी कामगाराने कर्ज काढून आणायची असते.

म्हणून येथे दोन प्रश्न उपस्थित होतात. कमी पगाराच्या माणसाने कोणती गाडी घ्यावी, हा पहिला. आणि तिचा खर्च वस्तुतः कोणी सोसला पाहिजे, हा दुसरा. पहिला प्रश्न क्षुल्लक समजून केवळ दुसऱ्यावर भाषणे करणारा कार्यकर्ता कामगाराच्या उपयोगी पडत नाही. पहिल्यावरच थांबणारा आणि शोरूममधला विक्रेता यांच्यात अंतर उरत नाही. दोन्ही प्रश्नांचा विचार एकत्रच झाला पाहिजे.

परवान्याच्या रांगेपासून हप्त्याच्या पुस्तकापर्यंत

या पट्ट्याला दुचाकीचा इतिहास नवा नाही. पियाजिओबरोबरचा करार १९७१ साली संपल्यावर बजाजने आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ साली 'चेतक' बाजारात आणली. त्याच साली अहमदनगरच्या कायनेटिकने 'लूना' आणली. साताऱ्यात राज्य सरकारच्या महामंडळाच्या भागीदारीने १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली आणि तेथून 'प्रिया' निघू लागली. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि हाती आलेला नंबर काळ्या बाजारात जादा किमतीला विकला जाई. स्कूटर ही कायम नोकरीची आणि मध्यमवर्गात प्रवेश मिळाल्याची खूण होती. कामगार सायकलीवरून किंवा कंपनीच्या बसने कारखान्यात येई.

१९८५ साली हिरो होंडाची 'सीडी १००' आली आणि चित्र पालटले. त्यापूर्वीच्या बहुतेक स्कूटरींची इंजिने दोन स्ट्रोकची होती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे, न जळलेल्या इंधनाचा काही भाग धुराबरोबर बाहेर पडे. चार स्ट्रोकच्या लहान इंजिनाने त्याच एका लिटरमध्ये जवळजवळ दुप्पट मजल मारून दाखविली. पेट्रोलचा हिशेब पैशापैशाने करणाऱ्या वर्गाला मोटारसायकल प्रथमच आवाक्यात आल्यासारखी वाटली. १९९१ नंतर परवान्याची रांग गेली आणि तिच्या जागी हप्त्याचे पुस्तक आले. आज वाहन तत्काळ मिळते. त्याची फेड मात्र वर्षानुवर्षे चालते. रांग संपलेली नाही, ती वाहन मिळण्याच्या आधी होती ती नंतर गेली, एवढेच.

हिशेब कसा मांडावा

जाहिरातीत गाडीचा वेग दाखवितात, दिवे दाखवितात, सिनेमातला नट दाखवितात. कामगाराने पाहायचे ते एका किलोमीटरला पडणारा खर्च. उदाहरण म्हणून जाऊन-येऊन रोज चाळीस किलोमीटर आणि महिन्याला पंचवीस दिवस कामाचे धरू. रनिंग होते १,००० किलोमीटर. शंभर सीसीची साधी मोटारसायकल रहदारीच्या रस्त्यावर लिटरला साठच्या आसपास ॲव्हरेज देते. एकशे दहा सीसीची गिअरविरहित स्कूटर पंचेचाळीसच्या आसपास. लिटरला शंभर रुपये धरले, तर मोटारसायकलला महिन्याला १,६६७ रुपयांचे पेट्रोल लागेल आणि स्कूटरला २,२२२ रुपयांचे. फरक ५५५ रुपयांचा. पाच वर्षांत तो ३३ हजारांवर जातो, म्हणजे गाडीच्या मूळ किमतीचा मोठा हिस्सा केवळ या फरकात निघून जातो.

या फरकाचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. मोटारसायकलचे इंजिन चेनने थेट मागचे चाक फिरविते. स्कूटरमध्ये रबरी पट्टा आणि आपोआप दाबणारा क्लच यांच्यात शक्तीचा काही भाग वाया जातो. शिवाय मोटारसायकलचे चाक मोठे असल्याने खड्ड्यांच्या रस्त्यावर ती स्थिर चालते. म्हणून रोजची मजल लांब, रस्ता खराब आणि चालविणारा एकटा असेल, तर शंभर सीसीची, बिनडौली, सुटे भाग गावोगाव मिळणारी मोटारसायकल हाच शहाणपणाचा सौदा होय. एकशे पन्नास सीसीचा मोह म्हणजे दरमहा पेट्रोलपंपावर भरावयाचा दंड आहे.

परंतु हा निष्कर्ष सर्वांना सरसकट लावणे चुकीचे ठरेल. साडी नेसून कामावर जाणारी, वाटेत मुलाला शाळेत सोडणारी, परतताना भाजीची पिशवी आणि गॅसचा छोटा सिलिंडर आणणारी स्त्री जेव्हा स्कूटर निवडते, तेव्हा ती ५५५ रुपये उधळत नसते. तिच्या एका फेरीत दोन पाळ्यांचे काम असते, एक कारखान्याचे आणि दुसरे घराचे. 'ॲव्हरेज कमी' म्हणून तिच्या निवडीला हसणाऱ्या पुरुष सहकाऱ्यांनी त्या दुसऱ्या पाळीची बेरीज आधी करून पाहावी.

देखभालीचे नियम थोडे आणि स्वस्त आहेत. टायरमधली हवा दर आठवड्याला पाहणे, चेनला वेळेवर ऑइल देणे व तिचा ताण योग्य ठेवणे, क्लच अर्धवट दाबून गाडी न चालविणे, लांब सिग्नलला इंजिन बंद करणे. सेकंड हँड गाडी घेणाऱ्याने रंगाकडे न पाहता कागदपत्रे पाहावीत. नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत किती उरली, आधीच्या कर्जाचा बोजा आरसी बुकावरून उतरला की नाही, विमा चालू आहे की नाही, एवढे तपासले तरी निम्मी फसवणूक टळते.

'अवघे दहा टक्के' व्याज

सर्वांत मोठी लूट पेट्रोलपंपावर होत नाही, शोरूममधल्या फायनान्सच्या टेबलावर होते. ऐंशी हजारांचे कर्ज, तीन वर्षांची मुदत, 'फक्त दहा टक्के फ्लॅट' असे सांगितले जाते. म्हणजे व्याज २४ हजार आणि हप्ता २,८८९ रुपये. येथे मेख अशी की, मुद्दल दरमहा फिटत असते आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण ऐंशी हजारांवर आकारले जाते. घटत्या शिलकीवर मांडले तर हाच दर वर्षाला सुमारे अठरा टक्के पडतो. त्याखेरीज प्रक्रिया शुल्क, हप्ता चुकल्याचा दंड आणि वसुलीसाठी दारात येणारी माणसे वेगळीच. कामगारांच्या पतसंस्था ज्या कारखान्यांत जिवंत आहेत, तेथे घटत्या शिलकीवर वाहनकर्ज देता येते. कार्यकर्त्यांनी सभासदाला गाडीचे नाव विचारण्यापूर्वी व्याज कसे लावले आहे ते विचारावे.

आता एकूण बेरीज पाहा. हप्ता २,८८९, पेट्रोल १,६६७ आणि देखभालीचे चारशे धरले, तर महिन्याला जवळजवळ पाच हजार रुपये होतात. ज्या कंत्राटी कामगाराच्या हाती पंधरा हजार पडतात, त्याचा एक-तृतीयांश पगार कामावर पोहोचण्यातच संपतो. महिन्यातले आठ दिवस तो दुचाकीसाठी राबतो आणि त्यानंतर घरासाठी राबू लागतो.

विजेची गाडी स्वस्त कोणाला?

यावर उपाय म्हणून विजेच्या दुचाकीकडे बोट दाखविले जाते. चालविण्याच्या खर्चापुरते ते खरे आहे. हजार किलोमीटरला साधारण चाळीस युनिट वीज आणि युनिटला दहा रुपये धरले, तर चारशे रुपयांत महिना निघतो. परंतु ही गाडी रात्री लावायची कोठे? चाळीतल्या भाड्याच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर, मालकाच्या मीटरवर राहणाऱ्याला चार्जिंगचे बटण उपलब्ध नसते. आणि असलेच तर दर मालक ठरवितो. बॅटरीचे आयुष्य संपल्यावर येणारा खर्च एकदम अंगावर पडतो. केंद्र सरकारचे अनुदानही उतरत गेले. जून २०२३ मध्ये ते कापले गेले. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या योजनेत गाडीमागे कमाल दहा हजार ठरले आणि एप्रिल २०२५ पासून ते पाच हजारांवर आले. थोडक्यात, ज्याच्यापाशी स्वतःचे घर, स्वतःचे मीटर आणि गाडी लावायला जागा आहे, त्याला प्रवास स्वस्त. ज्याच्यापाशी यांपैकी काही नाही, त्याला तोच प्रवास महाग. ज्याला या सोयी आहेत त्या कामगाराने विजेची गाडी अवश्य घ्यावी. ज्यांना नाहीत त्यांच्यासाठी कामगार वस्त्यांत आणि कारखान्यांच्या वाहनतळांवर चार्जिंगची सोय मागणे हे संघटनेचे काम आहे.

पैसे कोणी भरावेत?

एवढा भार कामगारावर आला कसा? सरकारने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने त्याहून अधिक घेतले, हे त्याचे एक उत्तर. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु पेट्रोल जीएसटीच्या बाहेरच ठेवण्यात आले. २०१४ साली लिटरमागे ९.४८ रुपये असलेले केंद्रीय उत्पादनशुल्क मे २०२० मध्ये ३२.९८ रुपयांवर नेले गेले. जगात कच्चे तेल मातीमोल झाले असतानाची ही गोष्ट. पुढच्या दोन कपातींनंतर मे २०२२ मध्ये ते १९.९० वर आले, तरी पूर्वीच्या दुप्पटच राहिले. मोटारीत एकटा बसणारा कारखानदार आणि दुचाकीवरचा हमाल लिटरमागे सारखाच कर भरतात.

दुसरे उत्तर सार्वजनिक बसच्या दुरवस्थेत आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा २००७ साली एकत्र करून पीएमपीएमएल उभी राहिली. मेट्रो २०२२ साली धावू लागली, पण ती चाकणच्या कारखान्यांच्या फाटकापर्यंत गेली नाही. १ जून २०२५ पासून बसचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले आणि दोन्ही महानगरपालिकांच्या हद्दीतला मासिक पास ९०० वरून १,५०० रुपयांवर गेला. तरीसुद्धा पाच हजारांपुढे दीड हजार कितीतरी कमीच. बस वेळेवर आणि पाळीच्या तासांना मिळाली, तर हजारो कामगार कर्जाच्या हप्त्यातून सुटतील. तसेच जीवही वाचतील. २०२२ साली देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती.

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात मरण पावला. त्याच्या कुटुंबाला मंजूर झालेली भरपाई उच्च न्यायालयात रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती २९ जुलै २०२५ रोजी पुन्हा बहाल केली. कामावर जाण्याचा प्रवास, त्याची वेळ व जागा नोकरीशी जोडलेली असेल, तर नोकरीचाच भाग होय, हे तत्त्व बावीस वर्षांनी का होईना त्या कुटुंबाच्या बाजूने मान्य झाले. हा निकाल प्रत्येक फाटकसभेत वाचून दाखविला पाहिजे. कारण त्यातून एक सरळ प्रश्न निघतो. कामगार मेल्यावर जो प्रवास कामाचा भाग ठरतो, तो कामगार जिवंत असताना मालकाच्या हिशेबात का धरला जात नाही?

अन्य देशांनी याचे उत्तर दिलेले आहे. फ्रान्सने १९७१ साली पॅरिस परिसरात आणि १९७३ पासून इतर शहरांत मालकांवर पगारपत्रकाच्या प्रमाणात वाहतूक कर बसविला आणि त्यातून सार्वजनिक वाहतूक उभी केली. त्यामागचा विचार साधा होता. कामगार वेळेवर फाटकाशी येतो याचा लाभ मालकाला होतो, म्हणून त्याचा खर्चही मालकाने उचलावा. फ्रान्स काही त्या वेळी समाजवादी झालेला नव्हता. त्या देशाच्या भांडवलदारी सरकारला जे पटले ते येथे अशक्य मानण्याचे कारण नाही.

त्या दृष्टीने येत्या वेतनकरारांत चार मागण्या ठामपणे पुढे आल्या पाहिजेत. पेट्रोलच्या दराशी जोडलेला प्रवासभत्ता मिळावा आणि तो कायम व कंत्राटी अशा दोघांनाही मिळावा. कंपनीच्या बसमध्ये बसताना ओळखपत्राचा रंग पाहिला जाऊ नये. पाळीच्या वेळांना धरून बसफेऱ्या आखल्या जाव्यात. आणि औद्योगिक पट्ट्यातील मालकांकडून त्या बससेवेसाठी अंशदान घेतले जावे.

या मागण्या मान्य होईपर्यंत कामगाराला गाडी घ्यावीच लागेल. ती त्याने हलकी, जादा ॲव्हरेजची आणि कमी कर्जाची घ्यावी. आणि दर महिन्याचा पेट्रोलचा, हप्त्याचा आणि दुरुस्तीचा हिशेब वहीत लिहून ठेवावा. वाटाघाटीच्या टेबलावर घोषणांना उत्तर देणे व्यवस्थापनाला सोपे जाते. पाचशे कामगारांच्या पाचशे वह्या एकत्र समोर ठेवल्या, तर ते तितके सोपे जाणार नाही.