अपंगांचे ‘नंतर’ का?



‘गरीब देशांत आधी पाणी आणि शाळा, अपंगांचे नंतर’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. पाणी अपंगांना लागत नाही काय? हातपंपाचा ओटा बांधून झाल्यावर तो फोडून उतार करणे महागात पडते. उतार आराखड्यातच धरला तर थोडक्यात भागते. हे ‘नंतर’ जागतिक पातळीवरही चालले: संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक विकास उद्दिष्टांत अपंगांचा उल्लेखही नव्हता. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचे ३२ वे कलम मात्र बजावते, की आंतरराष्ट्रीय विकासकार्यात अपंगांना सामावून घ्या. भारताने २००७ मध्ये तो स्वीकारला. आपण परदेशांत जयपूर फूट बसवून देतो, चांगलेच आहे. पण पाय द्यायचा आणि पुढ्यात पायऱ्या ठेवायच्या? ओटा बांधण्याआधी कुबडीवर चालणाऱ्या एखाद्या गावकऱ्याला विचारा, एवढेच मागणे.

– एक वाचक, सातारा